पान चौदावरचं वाक्य

हे मी सांगायचं टाळत आलो. आजारपण, नातवंडं, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळी कारणं वापरून झाली. खरं कारण एकच होतं. सांगितलं तर आपलीच माणसं तोंडावर थुंकतील, ही भीती. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, आणि थुंकायचा पहिला हक्क जिचा होता ती राहिली नाही. म्हणून लिहितो. यात शौर्य काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

घाटावरच्या दिवसापासून सुरुवात करतो.

भाद्रपद होता. पूर ओसरलेला, पण नदी अजून गढूळ, भरलेली. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर मंडप घातलेला. माईक. हार. काठापासून दहा-बारा हातांवर डोंगा थांबवलेला. डोंग्यात रावसाहेब उभे. पांढराशुभ्र पायजमा, जरीचा फेटा, हातात नारळ. आणि डोंग्याच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, मी. हायस्कूलचा निवृत्त मुख्याध्यापक. वय साठ. इस्त्रीची पँट घातलेली, खिशात पेन. पाण्यात उतरताना पेन काढून ठेवायचंही सुचलं नाही.

"बसू का सर?" रावसाहेबांनी विचारलं.

"बसा," मी म्हणालो.

आणि तो माणूस माझ्या खांद्यांवर बसला. दोन्ही बाजूंनी पाय खाली सोडून, जत्रेत लहान मूल बसतं तसा. माझी मान पुढे वाकली. तळाची रेती पायाखालून सरकत होती. वर मंडपात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे माझे विद्यार्थी होते. मी त्यांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

"सर, हळू," वरून आवाज आला. "गारा लागन पायजम्याले."

गारा म्हणजे चिखल. मी चिखल टाळत चाललो. फोटोवाला काठावर गुडघे टेकून बसला होता. तो म्हणाला, "सर, वर पाहा. जरा हसा नं."

मी हसलो. तो फोटो आहे. माझे दात दिसतात.

हा आमच्या गावचा मान. मानच म्हणतात त्याला. दर भाद्रपदात बड्या घरचा कर्ता पुरुष नदीची ओटी भरायला येतो. तो डोंग्यातून येतो आणि डोंगा चालवणाऱ्या ढीवराच्या खांद्यावर बसून घाटाच्या पहिल्या पायरीवर उतरतो. पाय ओले न होता. मग ढीवराला एक नारळ आणि एक शेला. ढीवर तो शेला कपाळाला लावतो. पूल होऊन पन्नास वर्षं होत आली होती, डोंग्यातून कुणी येत-जात नव्हतं, पण हे चालूच होतं. पुलावरून गाडी आणायची, गाडीतून उतरायचं, मुद्दाम डोंग्यात चढायचं आणि दहा हातांचं पाणी माणसावर बसून ओलांडायचं. असल्या माणसांना आमच्या गावात खानदानी म्हणतात.

त्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलानं उचलायचं होतं. माझी थोरली बहीण. तिला आम्ही बाई म्हणायचो. मी शाळा शिकून ढीवरपुऱ्यातून बाहेर पडलो, ती तिथंच राहिली, आमच्या बापाच्या घरात, पाण्यापासून वीस पावलांवर. सकाळी बड्या घरचा माणूस तिच्या दारात गेला. तिनं त्याला जे सांगितलं ते गावभर झालं. ती म्हणाली, "माहा पोरगा देव उचलन, मुर्दा उचलन. धडधाकट मानसाले उचलनार नाई. त्याले सांगजो, पाय देल्ले हायेत देवानं."

निरोप मंडपात पोचला तेव्हा मी रावसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. त्या खुर्चीसाठी मी आयुष्यभर तोंड गोड ठेवलं होतं. त्या दिवशी माझ्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. गावाचा इतिहास. लेखक म्हणून माझं नाव.

रावसाहेबांनी निरोप ऐकला. रागावले नाहीत. माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर, हसत हसत म्हणाले, "मंग सर, तुम्हीच चला. तुम्ही बी तं थ्याच घरचे नं?"

चौतीस वर्षं मी त्या शाळेत होतो. चौतीस वर्षांत मी कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं की मी डोंगेवाल्याचा मुलगा. सगळ्यांना माहीत होतं, तरी मी सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्यानं मी खुर्चीतून पाण्यात आलो. नाही म्हणता आलं असतं. माझ्या न शिकलेल्या बहिणीनं दोन तासांपूर्वी म्हटलंच होतं. मी पँट वर दुमडली.

रावसाहेबांना खांद्यावरून उतरवून मी वर पाहिलं तेव्हा ढीवरपुऱ्याच्या कडेला बाई उभी होती. हाताची घडी घातलेली. ओरडली नाही, रडली नाही. पदर सारखा करून घरात गेली. त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. मास्तर म्हणायला लागली. गावातले सगळेच मला मास्तर म्हणतात. तिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा लागायचा.

पण मी टाळलं ते हे नव्हे. खांद्यावर बसवून घेणं ही माझी फजिती. त्याच्याबद्दल मला कीवही मिळाली असती. टाळलं ते त्या पुस्तकाच्या पान चौदावर आहे.

रावसाहेब आणि मी एका वर्गात होतो. तिसरीपासून अकरावीपर्यंत तो माझ्या वहीतून उतरवून पास झाला. शाळेच्या वेळेत मी "ए ढीवरा" होतो, परीक्षेच्या आठवड्यात नावानं हाक यायची. पुढे शाळा त्यांच्याच संस्थेची, मी त्यांच्याच संस्थेत नोकरीला. तेव्हा तो मला सर म्हणायला लागला. लोकांना वाटायचं, बघा केवढा मोठेपणा. ज्या जिभेनं ढीवरा म्हटलं त्याच जिभेनं सर. मला फरक कळायचा नाही असं नाही. मी न कळल्यासारखं वागायला शिकलो होतो. त्यालाच आमच्याकडे सज्जनपणा म्हणतात.

निवृत्त झालो तेव्हा त्यांनी बोलावलं. म्हणाले, गावाचा इतिहास लिहा, संस्था छापेल. मी खरंच कामाला लागलो. हे तेवढं माझ्या बाजूनं मांडू द्या. म्हाताऱ्यांकडे बसलो. तहसिलीत खेटे घातले. नदीकाठचं गाव म्हणजे काय असतं ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या जिल्ह्यातला कापूस याच घाटावरून उतरायचा. जिनिंगचं पहिलं बॉयलर दोन डोंगे एकाला एक बांधून ढीवरांनी आणलं. मध्यधारेत दोर तुटला तेव्हा तीन माणसं पाण्यात उतरून त्याला टेका देत आली, त्यातला एक वर आलाच नाही. महामारीत गाव रिकामं झालं तेव्हा प्रेतं नेणारे तेच. बाळंतीण अडली तर पलीकडची सुईण आणणारे तेच. पेरणीच्या दिवसांत बैल, लग्नात वऱ्हाड, बाजाराच्या दिवशी सगळा बाजार. गाव नावाची जी वस्तू होती ती दररोज सकाळी डोंग्यातून ये-जा करत होती.

आणि तहसिलीत मला निस्तार पत्रक सापडलं. गावातल्या कुणाला नदी, काठ, चराई, वाट यांचा काय हक्क, त्याची जुनी सरकारी नोंद म्हणजे निस्तार पत्रक. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, शाई तपकिरी झालेली. त्यात लिहिलं होतं की नदीकाठची ढीवरांची घरं कदीम आहेत, मालगुजाराच्या, म्हणजे गावाची मालकी असलेल्या रावसाहेबांच्या घराण्याच्या, आधीपासूनची. घाट, डोंगा लावायची जागा, जाळी वाळवायची रेती, उन्हाळ्यात डांगरवाडी लावायचा हक्क, सगळं त्यांचं. मालगुजारानं अडवू नये. मी ती नोंद माझ्या हातानं अक्षरन् अक्षर उतरवून घेतली. आनंदानं.

कारण माझा बाप जे सांगायचा ते त्यात होतं. बाप सांगायचा, रावसाहेबांचा पणजा या गावचा नाही. त्यानं गाव लिलावात घेतलं आणि पाहायला निघाला. पलीकडच्या काठावर आला तेव्हा पूर होता. आमच्या पणज्यानं या काठावरून ओरडून सांगितलं, उतरू नोको. तो घोड्यासकट उतरला. घोडा गेला. हा खाली दोन कोसांवर बाभळीत अडकलेला सापडला. पणज्यानं मेला समजून खांद्यावर टाकला आणि काठानं चालत घाटावर आणला. तिथं त्याच्या पोटातलं पाणी निघालं आणि तो जगला. पुढच्या भाद्रपदात तो पुन्हा आला, नदीची ओटी भरायला. डोंगा काठाला लागायच्या आधीच म्हणाला, "मागच्या साली आनलं, तसंच आन."

बस्. तिथून हा मान. ज्यानं जीव वाचवला त्याच्याच खांद्यावर दरवर्षी बसायचं, म्हणजे वाचवल्याची आठवणच राहणार नाही. बसल्याचीच राहील.

मी हे सगळं एका प्रकरणात लिहिलं. 'घाट आणि घाटकरी'. लिहून झाल्यावर दोन दिवस मी घरात गाणं गुणगुणत होतो, असं माझी बायको सांगायची.

रावसाहेबांनी ते प्रकरण ओसरीवर बसून वाचलं. एका हातात पेन्सिल, एका हातात सुपारी. वाचून झाल्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक तिरपी रेघ मारली. वहीत नापासाला मारतात तशी. म्हणाले, "सर, हे लोक वाचनारच नाईत. तं त्याईच्यासाठी पानं काऊन वाया घालता?"

मी काहीतरी पुटपुटलो. नोंद आहे, सरकारी आहे.

"असन नं. मी कुठं नाई म्हनतो? नोंद तहसिलीत हाये, राहू द्या तिथंच. आपल्याले काय करायचं हाये थे उकरून?"

मी मान डोलवली. प्रकरण काढलं.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, दबाव होता. थांबा. त्यांनी फक्त काढायला सांगितलं होतं. घालायला काही सांगितलं नव्हतं. मी घरी आलो आणि पान चौदावर मोकळी जागा दिसायला लागली. घाटाबद्दल एक तरी ओळ हवी, असं माझ्यातल्या लेखकाला वाटलं. त्याच्या मनात हेही होतं की ती वाचून रावसाहेब खूश होतील आणि प्रकाशनाला खुर्ची शेजारची मिळेल. मी टेबलाशी बसलो, पेनात शाई भरली आणि लिहिलं:

"वाहतुकीच्या सोयीसाठी मालगुजारांनी परगावाहून ढीवरांची काही कुटुंबे आणून ती उदार अंतःकरणाने नदीकाठी वसवली."

परगावाहून. आणून. उदार अंतःकरणाने. एकेक शब्द माझा आहे. निस्तार पत्रकाची उतरवलेली नोंद त्याच टेबलाच्या खणात होती.

रावसाहेबांनी ते वाक्य वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. "याले म्हनते लेखनी!" मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. मला बरं वाटलं होतं.

पुस्तक कुणी वाचलं नाही. असली पुस्तकं वाचायची नसतात. बड्या घरच्या पाच पिढ्यांचे फोटो, एक मेलेला वाघ, संस्थेच्या अध्यक्षांची यादी. लग्नांत आहेर म्हणून वाटली, शाळेत बक्षीस म्हणून वाटली. पुढे मी मुलाजवळ बोरगाव मेघेला राहायला आलो आणि मला वाटलं, संपलं. कागदावरचं खोटं कागदावर मरून जातं, असं मला वाटलं. मी मुख्याध्यापक होतो आणि मला एवढीही अक्कल नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात बाई माझ्याकडे आली. एकटी, एस्टीनं. चौऱ्याऐंशीची. खांद्यावर पिशवी, पिशवीत रेतीतल्या वाडीची दोन डांगरं. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. सून पाणी घेऊन आली तर म्हणाली, "मंग पिईन. पयले काम."

पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "मास्तर, हे वाचून दे. नगरपंचायतचं हाये."

नोटीस होती. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. आपणांस कळविण्यात येते की, नदीघाट सुशोभीकरणाच्या कामात आपले घर अडथळा ठरत असून. पहिला परिच्छेद झाला. दुसरा झाला. तिसऱ्यावर नजर गेली आणि तिथं माझं वाक्य होतं. जसंच्या तसं. परगावाहून, आणून, उदार अंतःकरणाने. खाली पुस्तकाचं नाव, माझं नाव, पृष्ठ चौदा. त्याच्या पुढे: सबब या कुटुंबांचा सदर जागेवर मूळ हक्क नाही.

मी तिसरा परिच्छेद ओलांडला. आवाज जरासुद्धा हलला नाही. चौतीस वर्षं वर्गात वाचलेलं होतं. थेट चौथ्यावर गेलो. सदर अतिक्रमण पंधरा दिवसांच्या आत स्वखुशीने काढून घ्यावे.

"झालं?" बाईनं विचारलं.

"झालं."

"मधात काई नाई?"

"नाही."

तिनं आता पाण्याचा गिलास उचलला. सगळं पाणी प्यायली. गिलास खाली ठेवला.

"मास्तर, माह्या नातीनं कालच वाचून दाखोलं मले. दोनदा. मी फक्त हे पाहाले आलती का तू थे वाचतं का गिळतं."

घरात सून होती. ती आत गेली.

"गिळलं तुनं," बाई म्हणाली.

मी म्हणालो, "बाई..."

"आयक. त्या दिशी त्याले खांद्यावर घेतलं, थे मी सोडून देल्लं होतं. म्हतलं, पयल्यापासूनच भेकड हाये थो. पान्याले भ्याचा, बिचारा. पन हे तं तुनं घरी बसून लेहलं नं? पंख्याखाली. कोनं बंदूक लावली होती कनपटीले?"

"नाही."

"मंग काऊन लेहलं?"

खुर्चीसाठी, असं सांगायला हवं होतं. तेवढंही झालं नाही.

ती उठली. डांगरं पिशवीतून काढून जमिनीवर ठेवली. "खाजो. गोड हायेत. पुढच्या साली रेतीत कोनी जाऊ देते का नाई, काय मालूम." दारात चप्पल घालताना सुनेला म्हणाली, "येतो गं पोरी. तुह्या सासऱ्याले वाचता लय चांगलं येते."

मी तिला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही.

आठवड्यानं रावसाहेब आले. सोबत मुलगा, नगरपंचायतीत मोठ्या खुर्चीवर बसलेला. गाडी दारात. ढीवरपुऱ्यातले लोक उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेले होते आणि तिथं कुणीतरी विचारलं होतं की पुस्तकातल्या वाक्याला आधार काय. रावसाहेबांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. पुस्तकातील मजकूर सखोल संशोधनावर आधारित असून तो सत्य आहे.

"फक्त सही, सर. बाकी आमी पाहून घेऊ."

मी कागद वाचला. मग ज्या जागी सही करायची तिथं बोट ठेवून म्हणालो, "नाही."

साठ वर्षांत पहिल्यांदा त्या घराला मी हा शब्द बोललो. तोंडात परका वाटला.

मुलगा हसला. "सर, गमतीत का?"

"निस्तार पत्रक आहे. तुमच्या बापानं पाहिलेलं आहे. घरं तुमच्या आधीची आहेत."

रावसाहेब म्हणाले, "सर, म्हातारपनी काऊन नादी लागता? संस्थेनं तुमाले मुख्याध्यापक केलं. नाईतर आज डोंगा ढकलत बसले असते."

"तुमचे पणजोबा गावात कसे आले, मुलाला सांगितलंत?" मी विचारलं. आणि मीच सांगितलं. पूर, घोडा, बाभूळ, खांदा. मुलगा बापाकडे पाहत राहिला.

"कोनं सांगतलं हे?" रावसाहेबांनी विचारलं.

"माझ्या बापानं."

"पिऊन बोलला असन."

"माझा बाप पीत नव्हता," मी म्हणालो. "तुझा पीत होता. आणि बाजाराच्या दिवशी त्याला पाठुंगळी घेऊन माझा बाप तुझ्या दारात आणून टाकायचा. तू दार उघडायचास. आठवतं? ऊठ आता. ऊठ माझ्या घरातून."

त्याचा चेहरा मी नीट पाहिला. राग नव्हता. आश्चर्य होतं. खुर्ची बोलली तर माणसाला वाटेल तसं. मला इतकी वर्षं वाटायचं, या लोकांकडे काहीतरी असतं, म्हणून आपण भितो. काही नव्हतं. वहीतून उतरवणारा एक ढ मुलगा, त्याला वय झालेलं. याच्या शेजारी बसायला मी माझा पणजा विकला होता.

पण नाही म्हणालो म्हणजे वाचवलं, असं नाही. रावसाहेबांच्या मुलानं कागदाची वाट पाहिली नाही. स्थगितीचा आदेश यायच्या आदल्या दिवशी पाण्याजवळची पहिली ओळ पाडली. त्यात बाईचं घर होतं. आमच्या बापाचं. तिला आणि तिच्या मुलाला हमरस्त्यापलीकडे पत्र्याच्या खोल्यांत टाकलं. तिथून नदी दिसत नाही.

मी तिच्याकडे तीनदा गेलो. घर उभं होतं तेव्हा पहिल्यांदा. ती दारात जाळं सांधत होती, शेजारणी बसल्या होत्या. मी म्हणालो, "कशी आहेस?" ती म्हणाली, "दिसत नाई का?" शेजारणी हसल्या. मी चहा पिऊन परत आलो.

दुसऱ्यांदा पत्र्याच्या खोलीत. पावसाळा संपत आला होता. ती खाटेवर होती, अंगात ताप. मी स्टुलावर बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो, बसमध्ये घोकलं होतं. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "मास्तर, पानी कुठवर आलं?"

आमच्या घरात हे रोज सकाळी विचारायचे. बाप घाटावरून आला की आई विचारायची, आई गेल्यावर बाई. पाणी कुठवर आलं, त्यावर दिवसाचं सगळं ठरायचं.

मी म्हणालो, "दुसऱ्या पायरीवर."

मी घाटावर गेलोच नव्हतो. हमरस्त्यावर उतरून सरळ खोलीत आलो होतो. तिच्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. सवय होती. विचारलं की चांगलं दिसेल ते सांगून मोकळं व्हायचं. तिनं मान हलवली, "हौ," म्हणाली, आणि डोळे मिटले. त्यानंतर माझ्याच्यानं पुढचं बोलवलं नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पौष होता आणि तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

सोमवारी सुनावणी आहे. उरलेल्या घरांची. गावात बोललं जातंय की म्हातारा चळला. बोलू द्या. ज्यांनी मला खांद्यावर ओझं घेताना पाहून टाळ्या वाजवल्या त्यांचं मत मला नको. तहसिलीतून निस्तार पत्रकाची शिक्क्याची नक्कल मी काढली आहे. ती देणार. शपथेवर सांगणार की पान चौदावरचं वाक्य खोटं आहे, ते खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं, आणि ते माझ्याकडून कुणी लिहवून घेतलं नाही. रावसाहेबावर ढकलणार नाही. त्याच्या वाट्याचं पाप त्याचं त्याला पुरेल. सुनावणीच्या अधिकाऱ्यानं विचारलं तुम्ही कोण, तर मुख्याध्यापक सांगणार नाही. ढीवर सांगणार. डोंगेवाल्याचा मुलगा.

आणि येत्या भाद्रपदात मी घाटावर असणार. डोंगा थांबला की पाण्यात उतरणार आणि आडवा उभा राहणार. कुणालाही वाकू देणार नाही. रावसाहेबाला ओटी भरायची असेल तर त्यानं चिखलात पाय घालावा. नदी कुणाला अडवत नाही. मला धरून बाजूला करतील, करू देत. पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार.

बाईला सांगायचं होतं ते मी वऱ्हाडीतच घोकलं होतं. शाळेची भाषा बोललो की ती तोंड फिरवायची. फार मोठं नव्हतं. "बाई, थे वाक्य मी लेहलं. खुर्चीसाठी लेहलं. तुह्या समोर गिळलं, थे बी भेऊन. तुहं घर मी पाडलं, बाई, त्यानं नाई. माफ नोको करू. पन एकडाव माह्या तोंडून आयकून घे."

तिनं ते ऐकलं नाही.